जोतिबाचा डोंगर ते खिद्रापूर: पहिल्यांदाच पायी निघणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात देवाला चालत जायची सवय जुनी आहे. माघातल्या रविवारी पेठापेठांतून माणसं पहाटे उठून जोतिबाच्या डोंगराकडे निघतात. पौर्णिमेला आणि दत्तजयंतीला नृसिंहवाडीच्या रस्त्यावर झेंडा खांद्यावर घेतलेले जथे दिसतात. इथल्या माणसाला या वाटा पाठ असतात. पण बाहेरगावाहून येणाऱ्याला, किंवा शहरात राहून कधी लांब न चाललेल्याला, सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

इथं सांगितलेली वाट सहा दिवसांची आहे. कोल्हापूर ते जोतिबा, मग एक दिवस शहरात, त्यानंतर हुपरी, इचलकरंजी, नृसिंहवाडी आणि शेवटी खिद्रापूर. ही सगळी मिळून पूर्वापार एकच वाट आहे असं नाही, जोतिबाची वाट वेगळी आणि नृसिंहवाडीची, म्हणजे 'वाडी'ची, वेगळी. पण आधी डोंगर आणि मग नदीकाठ अशी जोडणी नवख्याच्या पायांना मानवते. पहिल्याच दिवशी चढ होऊन जातो, अंगात किती दम आहे ते समजतं, मधे विसावा मिळतो आणि पुढं सपाट रस्ता उरतो. कुठल्याही दिवशी वीसेक किलोमीटरच्या वर चालायचं नाही. ट्रेकिंगची सवय असलेली तरुण मुलं याच रस्त्यावर दिवसाला पस्तीस किलोमीटर काढायला बघतात आणि तिसऱ्या दिवशी गुडघा धरून एसटीत बसतात. पायी देवाला जाणाऱ्यांची रीत वेगळी असते. अंधारात निघायचं, ऊन तापायच्या आत थांबायचं, दुपारी अंग टाकायचं, संध्याकाळी देवळात बसायचं. ही रीत पाळली तर साठी ओलांडलेली माणसंही ही वाट आनंदानं पुरी करतात.

कधी निघावं

माझं मत विचाराल तर माघ. पहाटे गारवा असतो, डोंगरावर वारा असतो, आणि खेट्यांचे, म्हणजे माघातल्या रविवारच्या पायी फेऱ्यांचे, दिवस असल्यामुळं जोतिबाच्या वाटेवर तुम्ही एकटे पडत नाही. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या दिवसांत शहरात असलात तर अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सवही पाहायला मिळतो. मावळतीचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात आणि देवीच्या चरणांपासून वर सरकत जातात. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेलाही हाच योग असतो. ढग किंवा धुरकं आडवं आलं तर किरणं पोचत नाहीत, ही तयारी मनात असू द्या.

चैत्र पौर्णिमेला जोतिबाची मोठी यात्रा भरते. उंच सासनकाठ्या नाचवत लाखो माणसं डोंगरावर येतात, गुलालानं अख्खा डोंगर गुलाबी होतो आणि दवण्याचा वास सगळीकडं भरून राहतो. आयुष्यात एकदा ती यात्रा जरूर करावी. पण पहिल्या पायी प्रवासासाठी ते दिवस नकोत. ऊन कडक असतं आणि मुक्कामाला जागा मिळत नाही.

पावसाळा तर पूर्ण टाळा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा मिळतो आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदी त्याच्याही कितीतरी वर गेली होती आणि शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात होती. या वाटेचा नदीकाठचा भाग त्याच तालुक्यातून जातो.

नोव्हेंबर ते मार्च हा उसाचा हंगाम. म्हणजे रस्त्यावर ऊस भरलेले ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, आणि बैलगाड्या. ट्रॉलीच्या बाजूला वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, लोंबत असतात आणि मागची ट्रॉली वळणावर आत कापते. म्हणून एक नियम डोळे झाकून पाळा: रस्त्याच्या उजव्या कडेनं चालायचं, समोरून येणारं वाहन दिसलं पाहिजे. पाठीवरच्या सॅकला चमकणारी पट्टी लावायची. पहाटे अंधारात निघताना हातात टॉर्च पाहिजेच, आणि तो आपल्याला रस्ता दिसावा यापेक्षा ट्रॅक्टरवाल्याला आपण दिसावं म्हणून.

पायांची तयारी

निघायच्या महिनाभर आधी चालायला सुरुवात करा. कोल्हापुरात असाल तर रंकाळ्याच्या फेऱ्या उत्तम. आधी रिकाम्या हातानं, मग पाठीवर तेच ओझं घेऊन जे प्रवासात न्यायचं आहे. एकदा तरी लागोपाठ दोन दिवस दहा-बारा किलोमीटर चाला. पहिल्या दिवशी सगळेच चालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊल टेकताना कुठं दुखतं, ते खरं कळायला हवं.

बूट नवे नकोत, निदान महिनाभर पायात घातलेले हवेत, आणि अर्धा नंबर मोठे असले तर चांगलं, कारण चालून पाय सुजतात. दसरा चौकात नाहीतर शिवाजी मार्केटजवळ घेतलेली नवी कोरी कोल्हापुरी चप्पल घालून लांब निघू नका. तेल पिऊन मऊ होईपर्यंत ती अंगठ्याला आणि टाचेला चावते. मुक्कामावर घालायला साधी स्लीपर घ्या.

खेटे अनवाणी घालायची प्रथा आहे. ज्यांची तशी श्रद्धा आहे त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण जन्मभर बुटात राहिलेल्या पायांनी डांबरावर वीस किलोमीटर अनवाणी जाणं धोक्याचं आहे, आणि मधुमेह असणाऱ्यांनी तर हा विचारसुद्धा करू नये. मनात असेलच तर शेवटच्या पायऱ्या अनवाणी चढा.

रोज निघताना बोटांच्या फटीत आणि टाचेला व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल चोळायचं, वर सुती मोजे. दर दीड-दोन तासांनी थांबून बूट-मोजे काढायचे आणि पायांना वारा लागू द्यायचा. कुठं चुरचुरलं तर लगेच, त्याच ठिकाणी थांबून, पट्टी लावायची. पुढच्या गावात बघू म्हटलं की तोवर फोड आलेला असतो. लहान फोड फोडायचा नाही. मोठा, टणटणणारा असेल तर उकळलेल्या सुईनं कडेला बारीक भोक पाडून पाणी काढायचं, वरची कातडी तशीच ठेवायची, जंतुनाशक मलम लावून स्वच्छ कापसाची घडी आणि पट्टी. कातडी ओढून काढली तर पुढचे दोन दिवस गेले म्हणून समजा.

पिशवीत काय

पाण्यासकट पाच-सहा किलोच्या वर ओझं नको. दोन जोड कपडे, तीन दिवस पुरतील इतके मोजे, पातळ चादर, टॉवेल, टोपी किंवा उपरणं, टॉर्च, एक लिटरच्या दोन बाटल्या, पॉवर बँक. ओआरएसच्या पुड्या, क्रेप बँडेज, पट्ट्या, आपली रोजची औषधं. डासांचं मलम विसरू नका, नदीकाठी लागतं. धर्मशाळेच्या खोलीला लावायला स्वतःचं छोटं कुलूप आणि कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी. आधार कार्ड हवंच, भक्तनिवासात त्याशिवाय खोली देत नाहीत. सगळीकडं फोनवरून पैसे देता येतात, तरी दहा-वीसच्या नोटा जवळ असू द्या.

खायला गूळ-शेंगदाणे, केळी आणि भडंग. या वाटेवर दर चार-पाच किलोमीटरला चहाची टपरी येते, त्यामुळं फार साठा करायची गरज नाही. मिसळ जरूर खा, पण चालून झाल्यावर. सकाळी कट आणि तर्री पोटात घेऊन चढाला लागलात तर तहान आवरत नाही.

बायकांसाठी एक महत्त्वाचं. वाटेवर स्वच्छतागृहं मोजकी आहेत. पेट्रोल पंप, एसटी स्टँड आणि मोठी देवळं हे तीन आधार. आदल्या रात्री नकाशात पंप कुठं आहेत ते बघून ठेवा. लाजून पाणी कमी पिण्याचा मार्ग पत्करू नका, त्यानं त्रासच होतो. गावात एखाद्या घरी मावशींना विचारलंत तर बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत. पहाटेच्या अंधारात बायकांनी आणि पुरुषांनीही एकट्यानं चालू नये. दोघं-तिघं असावेत, आणि हातात एक काठी असावी, गावाच्या वेशीवरची कुत्री तिला मान देतात.

पहिला दिवस: जोतिबा

पंचगंगा घाटावर पहाटे पाचला पोचा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांची ही पंचगंगा. खेटे घालणारे इथं स्नान करून निघतात. गारठ्यात नको वाटलं तर हातपाय धुतले तरी चालतं. तिथून शिवाजी पुलाकडून नदी ओलांडायची आणि वडणगे, निगवे, कुशिरे अशी गावं करत डोंगराच्या पायथ्याला जायचं. सगळा पल्ला अठरा-वीस किलोमीटरचा.

असं सांगतात की जोतिबा हिमालयात केदारनाथाकडं परत निघाला, तेव्हा अंबाबाई कोल्हापुराहून अनवाणी चालत डोंगरावर गेली आणि तिनं त्याला राहायची गळ घातली. खेट्यांची प्रथा त्याचीच आठवण म्हणून सांगितली जाते. ही गोष्ट वाटेत कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा, प्रत्येकजण थोडी वेगळी सांगतो आणि प्रत्येकाची ऐकण्यासारखी असते.

वडणग्याच्या पुढं दोन्ही बाजूंना ऊस लागतो. हंगामात कुठंतरी चिमणीतून पांढरा धूर निघताना दिसेल आणि हवेत गोड, किंचित करपट वास येईल. ते गुऱ्हाळ. तिथं थांबाच, आणि निवांत थांबा. चरकातून निघालेला रस मोठ्या काहिलीत उकळत असतो. खालच्या चुलवाणात उसाची वाळलेली चिपाडं सारत एक माणूस बसलेला असतो. रसात रानभेंडीचा चिकट रस टाकला की मळी फेसाबरोबर वर येते, ती झाऱ्यानं काढत राहतात. मग रंग पालटतो, बुडबुडे मोठे आणि जड होतात. गुळव्या काहिलीवरून नजर हलवत नाही. तो मधेच थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळून बघतो, आणि गोळी मनासारखी झाली की हाळी देतो. त्या एका क्षणावर सगळा गूळ अवलंबून. जरा उशीर झाला तर रंग काळवंडतो, घाई झाली तर ढेप बसत नाही. हाळी आली की सगळे मिळून काहील उतरवतात आणि पाक वाफ्यात ओततात. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे ते या हातांमुळं. आपण पाव्हणे म्हणून गेलो तर रसाचा पेला आणि गरम गुळाचा खडा हातावर ठेवल्याशिवाय ही माणसं सोडत नाहीत. गूळ विकत घ्यायचा असेल तर शेवटच्या दिवसासाठी ठेवा, आत्ता पाठीवर नको.

वाट चुकायची भीती बाळगू नका. "मावशी, कुशिऱ्याला कुठनं जायचं?" एवढं विचारायचं. "हिकडनं सरळ जावा की, जवळच हाय," असं उत्तर येईल. मात्र 'जवळच' म्हणजे अर्धा किलोमीटर असतो तसा चार किलोमीटरही असतो. म्हणून अंतर विचारू नका, पुढचं गाव आणि खूण विचारा.

कुशिरे आलं की खरा चढ सुरू. जोतिबाचा डोंगर, म्हणजे वाडी रत्नागिरी, समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या वर आहे आणि आपल्याला त्यातले हजार-बाराशे फूट चढायचे असतात. पायथ्याला पंधरा मिनिटं बसा, गूळ-शेंगदाणे खा, पाणी प्या. चढताना लहान पावलं टाकायची, श्वास लागेल इतका वेग नको. गायमुखाजवळ पाण्याचं कुंड आणि सावली आहे, तिथं दुसरा थांबा. तिथून वर पायऱ्या. वरून उतरणारे "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणतील, तुम्हीही मोठ्यानं म्हणा. शेवटच्या पायऱ्यांवर त्याचा फार आधार होतो.

दहा-साडेदहापर्यंत वर पोचलात तर वेळ उत्तम. देवळं काळ्या दगडाची, एकाला लागून एक. जोतिबाचं आत्ताचं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलं. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं हे कुलदैवत. शेजारचं केदारेश्वराचं देऊळ दौलतराव शिंद्यांनी १८०८ मध्ये उभं केलं. यमाईच्या देवळाकडं संध्याकाळी पाय मोकळे करायला जा. रविवारी आणि पौर्णिमेला गर्दी असते, त्यामुळं खेट्याचाच अनुभव हवा असं नसेल तर मधला वार निवडा.

मुक्काम डोंगरावरच करा. भक्तनिवास आहे, शिवाय पुजाऱ्यांच्या घरी खोल्या मिळतात, रक्कम आधी ठरवून घ्या. जेवायला भाकरी, पिठलं, खर्डा आणि दही मागा. रात्री वर चांगलाच गारवा असतो.

दुसरा दिवस: शहर

सकाळी आरती करून बसनं खाली या. त्याच वाटेनं उतरायचा मोह टाळा, उतारावर गुडघ्यांना चढापेक्षा जास्त मार बसतो आणि पुढं चार दिवस आहेत. पोहाळ्याची लेणी डोंगराच्या पायथ्याशी आहेत. ज्यांचे पाय अगदी ताजे आहेत त्यांनी ती बघून यावं.

कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन घ्या. मंगळवार-शुक्रवारी रांग मोठी असते. उरलेला दिवस झोपा, कपडे धुवा, पायांची तपासणी करा. संध्याकाळी रंकाळ्यावर बसा, आणि तांबडा-पांढरा रस्सा खायचा असेल तर तो याच दिवशी. उद्यापासून दत्ताच्या वाटेला लागायचं आहे, पायी जाणारे बहुतेकजण वाडीपर्यंत सामिष टाळतात.

दोन गुडघ्यांपैकी एक जरी सुजला असेल तर आणखी एक दिवस थांबा. वाट कुठं जात नाही.

तिसरा आणि चौथा दिवस: हुपरी, इचलकरंजी

तिसऱ्या दिवशी उचगाव, गडमुडशिंगी, सांगवडे करत पट्टणकोडोली गाठायची आणि तिथून हुपरी. शहरात कुठून निघता त्यावर अंतर थोडं कमी-जास्त होईल, पण वीस किलोमीटरच्या आतबाहेर. सुरुवातीचा शहराबाहेर पडायचा टप्पा धुरळ्याचा आणि रहदारीचा आहे, तो उजाडायच्या आत मागं टाका. हवं तर रिक्षानं उचगावच्या पुढं जा, त्यानं पुण्य कमी होत नाही.

पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या देवळात थांबा. आश्विनात इथं यात्रा भरते. धनगर समाज लांबलांबून येतो, ढोल घुमतात, भंडारा, खोबरं आणि लोकर यांची उधळण होते, माणसांसकट सगळं पिवळंधमक होतं. त्या यात्रेत भाकणूक, म्हणजे भविष्य, सांगायला फरांडेबाबा सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावाहून पायी चालत येतात. आपल्या सहा दिवसांकडं बघताना त्यांची ती वाट मनात ठेवावी असं मला वाटतं. यात्रा नसताना देऊळ शांत असतं आणि ओसरीवर दुपार काढायला कुणी अडवत नाही.

हुपरी ही चांदीची नगरी. गल्लीतून जाताना उघड्या दारातून बत्तीची निळी ज्योत दिसते आणि पैंजणाच्या कड्या जोडणारे हात दिसतात.

मुक्कामाबद्दल एक सोपी युक्ती. या टप्प्यावर राहायची सोय आधी ठरली नसेल तर हुपरीहून बसनं कोल्हापूरला परत या, आपल्याच खोलीत झोपा, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं त्याच थांब्यावर उतरून पुढं चालू लागा. नवख्यांनी हे निःसंकोच करावं. पाठीवरचं अर्धं ओझंही त्या दिवशी खोलीवर ठेवता येतं.

चौथा दिवस मुद्दाम लहान ठेवला आहे. हुपरी ते इचलकरंजी दहा-बारा किलोमीटर. पंचगंगेवरचा पूल ओलांडला की गाव सुरू होतं आणि थोड्या वेळात मागांचा खडखडाट ऐकू येतो. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला आणि त्यातून हे वस्त्रनगर उभं राहिलं. लॉज भरपूर आहेत. पंचा किंवा टॉवेल घ्यायचा असेल तर इथं घ्या. औषधांची खरेदीही इथंच उरका.

पाचवा दिवस: नृसिंहवाडी

टाकवडे, शिरढोण, कुरुंदवाड आणि मग वाडी, सुमारे वीस किलोमीटर. हा या वाटेतला मला सगळ्यात आवडणारा दिवस. जमीन काळीभोर, ऊस आणि भाजीचे मळे, नदी कधी जवळ येते कधी लांब जाते. सावली मात्र सलग नाही, त्यामुळं साडेनऊपर्यंत दोनतृतीयांश रस्ता कापलेला असावा.

कुरुंदवाड घाईनं ओलांडू नका. पटवर्धनांच्या संस्थानाचं हे गाव. इथं मशिदींत गणपती बसवतात आणि मोहरम-गणपती एकत्र आले तर पंजे आणि गणपती शेजारी असतात. घाटावर बसून चहा घ्या. पलीकडं पूल ओलांडला की नृसिंहवाडी.

कृष्णा आणि पंचगंगा इथं मिळतात. नृसिंहसरस्वतींनी संगमावर बारा वर्षं वास केला आणि औदुंबराखाली पादुका ठेवल्या, त्या मनोहर पादुका. देवळाला नेहमीसारखं शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहानं ते बांधून दिल्याची कथा सांगतात, आणि मुलीची दृष्टी परत आली म्हणून त्यानं ते केलं असं त्या कथेत येतं. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढून पादुकांवरून वाहत दक्षिण दारातून बाहेर पडतं, तो दक्षिणद्वार सोहळा. त्या वेळी या पाण्यात स्नान करायला माणसं धाव घेतात. आपण हिवाळ्यात चालत येतो, तेव्हा पायऱ्या कोरड्या असतात आणि पाणी खूप खाली. भिंतींवर पुराच्या खुणा शोधा, म्हणजे पावसाळ्यात इथं का चालू नये ते न सांगता कळेल.

पोचल्यावर आधी खोली घ्या, पाय गरम पाण्यात मीठ टाकून बुडवा, मग दर्शनाला जा. दुपारी महाप्रसाद असतो, पंगतीला बसायचं तर वेळेत पोचा. गुरुवारी आणि पौर्णिमेला खोली मिळणं अवघड, आधी सांगून ठेवा. नदीत उतरताना घाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर सांभाळा. दमलेले पाय पटकन घसरतात, आणि पात्रात आत जाऊ नका, संगमाच्या पाण्याला ओढ असते.

संध्याकाळ रिकामी ठेवा. कृष्णेपलीकडं औरवाडचं अमरेश्वर आहे. गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायातली घेवड्याच्या वेलाची गोष्ट याच अमरापुरातली. भिक्षेला आलेल्या गुरूंनी गरीब ब्राह्मणाच्या दारातला वेल उपटला आणि मुळाशी धनाचा घडा निघाला. तिथं जाऊन या आणि दिवेलागणीला परत घाटावर बसा. "दिगंबरा दिगंबरा"चा गजर सुरू होतो, तो संपेपर्यंत उठू नका. रात्री बासुंदी. घरी न्यायला पेढे आणि कवठाची बर्फी. बर्फी टिकते, तीच जास्त घ्या.

अनेकजण इथंच थांबतात, आणि पाय दुखत असतील तर तुम्हीही थांबा. वाडीहून शिरोळमार्गे जयसिंगपूर जवळ आहे, तिथून कोल्हापूर-मिरज रेल्वे आणि बस दोन्ही मिळतात.

सहावा दिवस: खिद्रापूर

ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी मात्र खिद्रापूर सोडू नये. कुरुंदवाड, मजरेवाडी, अकिवाट, सैनिक टाकळी असा अठरा-वीस किलोमीटरचा रस्ता. सैनिक टाकळीतून पिढ्यान् पिढ्या माणसं फौजेत गेली आहेत, गावाच्या नावातच ते आहे. पारावर कुणी निवृत्त फौजी भेटला तर रामराम घालून बसा, चहा झाल्याशिवाय सुटका नाही आणि गोष्टी ऐकण्यासारख्या असतात. वाटेत दुकानं तुरळक आहेत, कुरुंदवाडलाच पाणी आणि खाणं भरून घ्या.

कोपेश्वराचं देऊळ शिलाहारकाळातलं, बाराव्या शतकातलं. दक्षयज्ञानंतर कोपलेला शिव तो कोपेश्वर, आणि त्याची समजूत घालणारा विष्णू धोपेश्वर. गाभाऱ्यात दोघंही लिंगरूपात आहेत. शिवाच्या देवळासमोर नंदी हवा, तो इथं नाही. तो नदीपलीकडं कर्नाटकात येडूरला आहे असं सांगतात. दक्षिणेच्या दाराशी यादव राजा सिंघण याचा १२१३-१४ चा शिलालेख आहे.

बाहेरचा स्वर्गमंडप सावकाश बघा. छताच्या मधोमध गोल उघडं आभाळ, खाली तेवढीच गोल शिळा, भोवती खांबांची वर्तुळं. सकाळी दहाच्या सुमाराला पोचलात तर उन्हाचा गोल कवडसा खांबांवरून उतरताना दिसेल. कार्तिक पौर्णिमेच्या रात्री चंद्र त्या झरोक्यावर येतो, ते बघायला आता लांबून माणसं येतात. बाहेर आल्यावर भिंतीच्या पायथ्याला वाका आणि हत्तींची रांग बघा. प्रत्येकाच्या पाठीवर वेगळी देवता, आणि एकाची सोंड दुसऱ्यासारखी नाही. बऱ्याच मूर्ती फुटलेल्या आहेत, हात लावू नका आणि वर चढून फोटो काढू नका. गावातलं आदिनाथाचं जैन मंदिरही त्याच काळातल्या कारागिरीचं, दोन्ही मिळून निदान दोन तास द्या.

परतीच्या गाड्या मोजक्या असतात. देवळात शिरायच्या आधीच थांब्यावर किंवा शेजारच्या टपरीवर कुरुंदवाडच्या पुढच्या दोन गाड्यांची वेळ विचारून घ्या. गाडी चुकलीच तर सैनिक टाकळीपर्यंत वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी गाडी, मिळतं का ते बघा. कुरुंदवाडला आलात की कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर, तिन्हीकडं जायला एसटी आहे.